बरगडी ओळखायची कशी: आधी अंगावर, मग हातात

बरगड्यांचा अभ्यास बहुतेक विद्यार्थी हाडांच्या सेटपासून सुरू करतात. बारा हाडं टेबलावर मांडायची, प्रत्येकाची हेड (डोकं), नेक (मान), ट्युबरकल (उंचवटा) पाठ करायची, आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली की विसरायची. मग वॉर्डात गेल्यावर पाचवी बरगडी कुठं आहे हे विचारलं, की बोट छातीवर नुसतं फिरत राहतं. आमचं म्हणणं असं, की क्रम उलटा करा. आधी स्वतःच्या छातीवर मोजायला शिका आणि मगच हाड हातात घ्या. ज्या हाडाची जागा बोटाला माहीत झाली, त्याची खाच आणि धार डोळ्यालाही पटकन दिसते. वैद्यकीय, फिजिओथेरपी, नर्सिंग, ईसीजी आणि एक्स-रे तंत्रज्ञ अशा सगळ्यांनाच हे लागतं, म्हणून पायरीपायरीनं लिहितो.

अंगावर मोजणं

शर्ट काढून आरशासमोर बसा. तर्जनी हनुवटीखालून सरळ खाली आणा. दोन्ही हासळ्यांच्या, म्हणजे कॉलर बोन्सच्या मधे गळ्याच्या तळाशी एक खळगा लागतो. तिथून छातीच्या मधल्या हाडावर, स्टर्नमवर, बोट दाबून हळूहळू खाली सरकवा. साधारण ५ सेंमी खाली एक आडवा उंचवटा लागेल. स्टर्नमचा वरचा रुंद तुकडा आणि खालचा लांब तुकडा इथं एकमेकांना किंचित कोन करून जुळतात. याला लुईचा कोन म्हणतात. हीच मोजणीची सुरुवात, दुसरी कुठलीही नाही.

उंचवटा सापडत नसेल तर बोट वरखाली घासू नका, त्यानं कातडीच हलते. बोटाचं टोक हाडावर टेकवून कातडीसकट एकेक सेंटिमीटर सरकवा. भरल्या अंगाच्या माणसात उताणं झोपवून पाहिलं तर लवकर सापडतो.

उंचवट्यावरून बोट आडवं बाजूला न्या. जे टणक लागतं ती दुसरी बरगडी, खरं तर तिची कूर्चा, म्हणजे तिच्या पुढच्या टोकाचं मऊ हाड. तिच्या लगेच खाली, दोन बरगड्यांच्या मधे, बोट जिथं आत जातं ती दुसरी स्पेस. म्हणजे स्पेसचा नंबर नेहमी तिच्या वरच्या बरगडीचा असतो. आता दोन बोटांनी चाला: तर्जनी बरगडीवर, मधलं बोट स्पेसमधे, मग पुढची बरगडी, पुढची स्पेस. खाली उतरताना स्टर्नमला चिकटून उतरू नका. पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चा तिथं इतक्या दाटीनं येतात की दोन बरगड्या एकच वाटतात. दुसऱ्या स्पेसपासूनच थोडं बाहेरच्या बाजूला तिरकं उतरा.

सुरुवात पहिल्या बरगडीपासून का नाही? कारण ती हासळीच्या मागे आणि खाली दडलेली असते, समोरून बोटाला नीट लागत नाही. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. कोणी हासळीलाच पहिली बरगडी धरतं, कोणी हासळीखालच्या खोलगट जागेला दुसरी स्पेस म्हणतं. प्रत्यक्षात ती पहिली स्पेस असते. एका अंकानं चुकलं, की खालचं सगळंच एका अंकानं वर सरकतं.

ईसीजीमधे ही चूक कागदावर उमटते. छातीवर चिकटवायच्या व्ही-१ ते व्ही-६ या सहा इलेक्ट्रोडपैकी व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या स्पेसमधे, स्टर्नमच्या उजव्या आणि डाव्या कडेला लावायचे असतात. ते तिसऱ्या किंवा दुसऱ्या स्पेसमधे लागले, तर धडधाकट माणसाच्या आलेखातही उजव्या बंडल ब्रँचमधे, म्हणजे हृदयातल्या विजेच्या उजव्या वाटेत, अडथळा असल्यासारखा, किंवा जुना झटका येऊन गेल्यासारखा आकार दिसू शकतो. व्ही-४ पाचव्या स्पेसमधे, हासळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. हासळीचा मध्य डोळ्यानं ठरवू नका, तिची दोन्ही टोकं चाचपून मधोमध खूण करा. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या बरोबर मधे. व्ही-५ आणि व्ही-६ लावताना आणखी एक सापळा आहे: पाचवी स्पेस धरून बाजूला जायचं नाही. बरगड्या मागे वर आणि पुढे खाली अशा उतरत्या असतात, त्यामुळे स्पेस धरून मागे गेलात की तुम्ही वर चढता. व्ही-४ च्या आडव्या रेषेतच सरळ काखेकडे जायचं. स्तनाग्रावरून जागा ठरवणं तर सोडूनच द्या. पुरुषांत ते बहुधा चौथ्या स्पेसजवळ असतं, पण प्रत्येकात नाही, आणि स्त्रियांत त्या खुणेचा काही उपयोग नाही.

पाठीकडून मोजायचं असेल तर हात बाजूला सैल सोडायला सांगा. खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक साधारण सातव्या बरगडीच्या पातळीला येतं. हात वर केला की फरा बाहेर फिरतो आणि ही खूण निकामी होते, म्हणून आधी खूण करा, मग हात उचलायला सांगा.

खालून वर मोजण्याचा मोह टाळा. बाराव्या बरगडीची लांबी माणसागणिक फार बदलते. काहींमधे ती इतकी आखूड असते की पाठीच्या जाड स्नायूखाली पूर्ण झाकली जाते, आणि खालून चाचपताना पहिली हाताला लागते ती अकरावी. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत पाठीमागून छेद घेताना हीच चूक महागात पडते. फुप्फुसावरणाची खालची कड बाराव्या बरगडीला ओलांडून जाते. अकरावीलाच बारावी समजून तिच्याखाली छेद घेतला तर पोटामागे जाण्याऐवजी छातीची पोकळी उघडते. म्हणून आधी एक्स-रे फिल्मवर बरगड्या मोजून घ्यायच्या असतात.

बारा जोड्यांची वाटणी

पहिल्या सात बरगड्या स्वतःच्या कूर्चेनं थेट स्टर्नमला जोडलेल्या असतात, त्या खऱ्या. आठवी, नववी, दहावी आपापल्या वरच्या कूर्चेला जोडून घेतात, त्या खोट्या. त्यांच्याच जोडणीतून बरगड्यांची खालची कमान तयार होते. अकरावी आणि बारावीचं पुढचं टोक पोटाच्या स्नायूत मोकळं संपतं, म्हणून त्या तरंगत्या. सातवीपर्यंत लांबी वाढत जाते, पुढे कमी होते. स्त्री-पुरुषांत संख्या सारखीच, बारा जोड्या. पुरुषाला एक बरगडी कमी असते हा समज युरोपात शतकानुशतकं होता. १५४३ साली आंद्रेआस व्हेसॅलियसनं स्वतः शवविच्छेदन करून त्यात तथ्य नसल्याचं लिहिलं.

हाड हातात धरणं

तिसरी ते नववी या बरगड्या एका साच्यातल्या आहेत. त्यांतली एक घ्या, सहावी-सातवी मिळाली तर उत्तम. ती उजवी की डावी हे ठरवायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात.

पहिली, मागचं टोक. ज्या टोकाला गाठीसारखं डोकं आणि त्याच्या जवळच एक उंचवटा आहे ते मागचं. पुढच्या टोकाला नुसता वाटीसारखा खळगा असतो, त्यात कूर्चा बसते. दुसरी, फुगीर बाजू बाहेर. तिसरी, आणि इथंच सगळे घसरतात: धारदार कड खाली. बरगडीची वरची कड गोलसर आणि बोथट असते, खालची पातळ आणि धारदार, आणि त्या धारेच्या आतल्या बाजूला एक लांब पन्हळ असते. ती पन्हळ खाली आणि आत आली पाहिजे.

आता हाड स्वतःच्या छातीच्या त्या बाजूला लावून पाहा. मागचं टोक वर, पुढचं टोक खाली असा उतार आला पाहिजे. डावी बरगडी चुकून उजवीकडे लावलीत, तर मागचं टोक मागे आणि फुगीरपणा बाहेर या दोन गोष्टी जुळतील, पण धार वर जाईल. म्हणून निर्णय नेहमी धारेवर सोपवा. जुन्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या हाडांत पन्हळ नजरेला फसवते. अशा वेळी डोळे मिटून आतल्या बाजूच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा, कोनाच्या, म्हणजे मागच्या टोकाजवळ हाड एकदम वळतं त्या जागेच्या, लगेच पुढच्या भागात. जिथं अंगठ्याला खोबण आणि पातळ ओठ जाणवतो ती खालची कड. पुढच्या टोकाजवळ शोधू नका, पन्हळ तिथपर्यंत पोचत नाही.

मागच्या टोकाचं डोकं जवळून पाहा. त्यावर सांध्याच्या दोन सपाट जागा असतात आणि त्यांच्या मधे एक बारीक कणा. खालची जागा मोठी, ती बरगडीच्या स्वतःच्या नंबरच्या मणक्याला लागते. वरची लहान, ती वरच्या मणक्याला. कणा दोन मणक्यांमधल्या चकतीला एका छोट्या अस्थिबंधानं बांधलेला. म्हणजे सहावी बरगडी छातीच्या सहाव्या आणि पाचव्या अशा दोन्ही मणक्यांना टेकते. लक्षात ठेवायला सोपं: खालचा मोठा आपला, वरचा छोटा शेजाऱ्याचा.

डोक्यानंतर सुमारे २.५ सेंमीची मान, आणि मान संपते तिथं बाहेरच्या बाजूला ट्युबरकल. त्याच्या आतल्या अर्ध्या भागावर एक गुळगुळीत जागा असते, ती स्वतःच्याच नंबरच्या मणक्याच्या आडव्या फाट्याला टेकते. बाहेरचा अर्धा खडबडीत, तिथं अस्थिबंध लागतो. या गुळगुळीत जागेचा आकार सेटमधल्या सगळ्या बरगड्यांत तुलना करून पाहण्यासारखा आहे. वरच्या बरगड्यांत ती फुगीर असते, खालच्यांत सपाट होत जाते. फुगीर जागा खोलगट जागेत गोल फिरते, सपाट जागा सपाटीवर सरकते. श्वासाच्या दोन वेगळ्या हालचाली या एवढ्याशा फरकातून येतात, त्याबद्दल पुढे.

ट्युबरकलच्या पुढे काही सेंटिमीटरवर हाड एकदम वळतं आणि सोबत पीळही घेतं. तो कोन. या पिळामुळेच तिसरी ते नववी यांपैकी कुठलीही बरगडी टेबलावर ठेवली की दोन्ही टोकं एकदम टेकत नाहीत. छाती पुढून मागे दाबली गेली की हाड कोनाच्या जरा पुढेच मोडतं, कारण वाकण्याचा ताण तिथं जमा होतो.

साच्यात न बसणाऱ्या

पहिली बरगडी हाताळायला वेगळी. सगळ्यात आखूड, रुंद आणि सगळ्यात जास्त वळलेली. बाकीच्यांना आतली आणि बाहेरची बाजू असते, हिला वरची आणि खालची. वरची बाजू वर ठेवून टेबलावर टेकवली की दोन्ही टोकं टेकतात. डोक्यावर सांध्याची एकच जागा. पन्हळ नाही. कोन आणि ट्युबरकल एकाच जागी.

बाजू ठरवताना बारीक गोल डोकं मागे, जाड टोक पुढे, फुगीर कड बाहेर, आणि दोन उथळ खोबणी असलेली बाजू वर. त्या दोन खोबणींच्या मधे, आतल्या कडेला, एक लहानसा टोचणारा उंचवटा असतो. तो स्केलीन ट्युबरकल, मानेतला स्केलीनस अँटीरियर स्नायू तिथं लागतो. त्याच्या पुढच्या खोबणीतून हाताकडून येणारी सबक्लेव्हियन शीर जाते, मागच्या खोबणीतून सबक्लेव्हियन धमनी, आणि धमनीच्या मागे हाताच्या नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, जाळ्याचा सर्वांत खालचा दोर. बोट या उंचवट्यावर ठेवा आणि पुढे शीर, मागे धमनी असं मोठ्यानं म्हणा, उलटसुलट होणार नाही. हाताच्या करंगळीकडे मुंग्या येण्याच्या काही तक्रारींचं मूळ याच दोन बोटांच्या जागेत असतं.

दुसरी बरगडी पहिलीच्या जवळजवळ दुप्पट लांब. पीळ नाही, म्हणून हीही टेबलावर सपाट बसते. पण हिच्या बाहेरच्या बाजूला मधोमध एक खडबडीत फुगवटा असतो, सेराटस अँटीरियर स्नायूचा. तो दिसला की शंका संपली. दहावी दिसायला साच्यातलीच, फक्त डोक्यावर बहुधा एकच जागा. अकरावी-बारावीला मान नाही, ट्युबरकल नाही, पुढचं टोक निमुळतं. अकरावीवर हलका कोन आणि उथळ पन्हळ सापडते, बारावीवर दोन्ही नाहीत.

मटणाच्या दुकानातून एक तुकडा

हाडांच्या सेटमधे सगळं असतं, फक्त बरगड्यांच्या मधलं काहीच नसतं. ते पाहायला बोकडाची चाप फार उपयोगी पडते. दुकानदाराला सांगा, चार बरगड्यांचा अख्खा तुकडा द्या, मणक्यासकट, मधे तोडू नका. बोकडाला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात आणि त्याची छाती दोन्ही बाजूंनी चपटी असते, त्यामुळे संख्या आणि वळण त्याच्यावरून शिकायचं नाही. बोकड चार पायांवर उभा असतो, म्हणून माणसातलं ‘वर’ म्हणजे त्याच्यात डोक्याकडे, आणि ‘खाली’ म्हणजे शेपटीकडे. दुकानातच डोक्याकडची बाजू कुठली ते विचारून तिथल्या बरगडीला दोरा बांधून घ्या, घरी आल्यावर ओळखता येत नाही.

तुकडा धुऊन आतली बाजू वर करा. ओला चकाकणारा पातळ पापुद्रा दिसेल. तो फुप्फुसावरणाचा भिंतीकडचा थर. नखानं एका कोपऱ्यातून उचलला तर कांद्याच्या सालीसारखा निघतो. मग एका बरगडीच्या शेपटीकडच्या कडेला चमच्याच्या दांड्यानं हलकेच बाजूला सारून पाहा. कडेच्या आडोशाला एक तांबूस-निळसर रेघ आणि एक पांढरा दोरा सापडेल. त्या रक्तवाहिन्या आणि ती नस. डोक्याकडच्या कडेला तसं काही ठळक दिसत नाही. हा फरक एकदा स्वतःच्या हातानं पाहिला की पुढचा विभाग पाठ करावा लागत नाही.

तुकडा उलटा करून बाहेरच्या स्नायूचे तंतू पाहा. माणसात ते वरून खाली आणि पुढे जातात, पँटच्या पुढच्या खिशात हात घालताना बोटं जातात तसे. आतल्या थराचे तंतू त्याला छेद देऊन उलट दिशेनं. एक थर सोलून दुसरा पाहिला की ही फुली स्पष्ट दिसते.

दोन बरगड्यांच्या मधे

पन्हळीत वरून खाली क्रम असा: आधी शीर, मग धमनी, मग नस. तिघंही आतल्या दोन स्नायूंच्या थरांमधून जातात. नस सगळ्यात खाली असल्यानं हाडाचा आडोसा तिलाच सर्वांत कमी. म्हणून छातीत सुई घालताना ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून आत न्यायची, वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला कधीच नाही. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलाही उपशाखा असतात, पण त्या बारीक.

कोनाच्या आत, मणक्याच्या जवळ, हा नियम तितका भरवशाचा नाही. तिथं धमनी अजून पन्हळीत शिरलेली नसते, स्पेसच्या मधूनच वळणं घेत जाते, आणि वय वाढलं की वळणं वाढतात. त्यामुळे पाठीकडून सुई घालताना मणक्यापासून पुरेसं बाहेर राहायचं.

किती खाली जाता येतं, याचं गणित दोन आकडी ओळींत बसतं. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड हासळीच्या मध्यरेषेवर सहाव्या बरगडीला, काखेच्या मध्यरेषेवर आठव्या, पाठीला दहाव्या. फुप्फुसावरणाची कड त्याच रेषांवर आठव्या, दहाव्या, बाराव्या बरगडीला. म्हणजे सगळीकडे दोन बरगड्यांचा फरक. त्या फरकाच्या जागेत फुप्फुस नसतं, नुसती पोकळी असते, आणि पाणी साचलं की तिथंच आधी साचतं. पण त्याच जागेच्या पलीकडे श्वासपटल आणि त्याखाली उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. म्हणून बसलेल्या रुग्णात पाठीकडून सुई सहसा सातव्या-आठव्या स्पेसमधे घालतात, नवव्याच्या खाली जात नाहीत, आणि आता सोनोग्राफीनं जागा पक्की केल्याशिवाय सुई उचलत नाहीत. छातीची नळी घालायला काखेखालचा त्रिकोण वापरतात: पुढे छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागे पाठीच्या लॅटिसिमस डॉर्साय स्नायूची कड, खाली पाचव्या स्पेसची पातळी. तिथं भिंत पातळ असते आणि मोठे अवयव दूर. त्याहून खाली गेलं तर श्वास सोडताना श्वासपटल किती वर येतं हे विसरल्यासारखं होईल. उजवीकडे ते समोरून चौथ्या स्पेसपर्यंत चढतं.

याच नसांच्या पट्ट्यात नागीण उठते. चौथ्या नसेचा पट्टा स्तनाग्राजवळून, दहाव्या नसेचा बेंबीवरून जातो. पट्टा पाठीकडे वर आणि पोटाकडे खाली का दिसतो, तर बरगड्यांचा उतारच तसा आहे. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. तोंडं जुळत नाहीत, कारण प्रत्येक बाजूची नस शरीराच्या मध्यरेषेवर संपते, आणि पुरळ त्या एकाच बाजूच्या नसेचं असतं. घरच्यांना हे बरगडीवर बोट ठेवून समजावलं तर पटतं, आणि ते मंत्र घालण्यात दिवस घालवण्याऐवजी लवकर औषध सुरू करतात. विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा जास्त फायदा होतो.

हापसा आणि बादलीची कडी

एक हात स्टर्नमवर, दुसरा खालच्या बरगड्यांवर बाजूला ठेवा आणि खोल श्वास घ्या. वरचा हात पुढे आणि वर जातो, खालचा बाहेर. वरच्या बरगड्या, दुसरी ते सहावी, मागच्या टोकाभोवती फिरतात आणि पुढचं टोक उचलतात, हापशाचा दांडा उचलावा तसं. छातीची पुढून-मागे खोली वाढते. सातवी ते दहावी या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात आणि रुंदी वाढते. फुगीर आणि सपाट सांध्यांचा मघाचा फरक तो हाच.

छाती किती फुगते ते टेपनं मोजा. टेप चौथ्या स्पेसच्या पातळीला आडवी, मागून-पुढून एकाच उंचीवर. पूर्ण श्वास सोडून एक माप, पूर्ण घेऊन दुसरं. तीनदा घ्या, सर्वांत मोठा फरक लिहा. धडधाकट तरुणात ५ सेंमी किंवा जास्त फरक येतो. २.५ सेंमीपेक्षा कमी आला तर बरगड्या-मणक्यांच्या सांध्यांकडे किंवा फुप्फुसाकडे पाहायलाच हवं. टेप मागे घसरली की माप फुगतं किंवा आकसतं. आकडा विचित्र आला तर आधी टेप तपासा.

मोडली तर

चौथी ते नववी या सर्वाधिक मोडतात. पहिली-दुसरी झाकलेल्या असतात, त्या मोडल्या तर मार फार जोराचा होता असं समजून धमनी आणि हाताच्या नसा तपासतात. दहावीच्या खालची मोडली तर उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा, मागे मूत्रपिंड. लागोपाठ तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन जागी मोडल्या, तर तो तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना बाहेर येण्याऐवजी आत जातो. हे कपडे काढून, छातीच्या पातळीला डोळे आणून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

छाती आवळून पट्टा बांधण्याची जुनी पद्धत आता करत नाहीत. त्यानं श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. दुखणं पुरेसं कमी करायचं, म्हणजे माणूस खोल श्वास घेईल आणि खोकेल. खोकताना दुखऱ्या जागेवर उशी धरायला सांगितली तर खूप सोपं जातं. हाड जुळायला साधारण सहा आठवडे. पहिल्या एक्स-रेत फट दिसली नाही म्हणून मोडली नाही असं म्हणता येत नाही, आणि कूर्चा तर एक्स-रेत दिसतच नाही.

फिल्मवर मोजणी

छातीच्या एक्स-रेत बरगडीचा मागचा भाग आडवा आणि ठळक दिसतो, पुढचा भाग आत आणि खाली उतरत जातो व स्टर्नमच्या आधीच नाहीसा होतो, कारण पुढे कूर्चा आहे. वरचं पहिलं कडं शोधा. हासळीच्या आसपास दिसणारं लहान, आवळलेलं कडं ही पहिली बरगडी. मणक्यापासून निघून बोटानं तिच्या पुढच्या टोकापर्यंत जा, मग खाली उतरा. मधेच पुढच्या भागावरून मागच्या भागावर उडी मारली की आकडा चुकतो. पूर्ण श्वास घेतलेल्या फिल्ममधे श्वासपटलाच्या वर पुढच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. त्याहून कमी दिसल्या तर हृदय मोठं आहे असं म्हणण्याआधी श्वास नीट घेतला होता का ते विचारा.

तिसरी ते आठवी यांच्या खालच्या कडेला कुरतडल्यासारख्या खाचा दिसल्या तर महाधमनी अरुंद झाली आहे का ते पाहतात. रक्त आडवाटेनं धमन्यांतून उलटं वाहतं, त्या फुगतात आणि पन्हळ झिजवतात. पहिल्या दोन बरगड्या यातून सुटतात, कारण त्यांच्या धमन्या अरुंद जागेच्या वरच्या बाजूच्या शाखेतून येतात.

सगळ्यात वर एक जादा बरगडी दिसली, तर ती मानेची आहे की पहिलीच आखूड राहिली आहे हे मणक्याच्या आडव्या फाट्यांवरून ठरवा. मानेच्या सातव्या मणक्याचे फाटे बाहेर जाताना खाली झुकतात, छातीच्या पहिल्या मणक्याचे वर उचललेले असतात. झुकत्या फाट्याला लागून असेल तर ती मानेची बरगडी. शंभरात जेमतेम एखाद्याला ती असते, आणि बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो. हात वर करून काम केलं की बधिर होतो किंवा मनगटाची नाडी मंदावते असं सांगणाऱ्या माणसात मात्र ती आवर्जून शोधावी.